पलूसची दाढ, हार्टफर्डची दाढ

पलूसमधल्या दंतवैद्याच्या दारात तुम्ही चपला काढता आणि पुन्हा घालता. आठवड्यातली ही तिसरी खेप. खालची डावी दाढ ठणकतेय, गाल सुजलाय. पण आतून ड्रिलची घरघर ऐकू आली की पाय उंबऱ्याच्या आत पडत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढ्याशा दाताला काय भ्यायचं?’ डोळे मिटा. ही भीती कुठून आली, ते बघून येऊ.

डोळे उघडता तेव्हा ११ डिसेंबर १८४४. गाव हेच. शिवारात शाळू पोटरीला आलाय आणि दाढ तशीच ठणकतेय. लवंग चावून झाली. आता शेजारची म्हातारी निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकते, वर भोकाचं मडकं पालथं घालते आणि भोकात बसवलेली नळी तुमच्या तोंडात देते. कडू धूर दाढेवर येतो. घसा जळतो, डोळे गळायला लागतात. वाडग्यातल्या पाण्यात तुम्ही थुंकता, तसे त्यावर पांढरे कण तरंगतात. ‘बघ, किडं पडलं!’ म्हातारी खूश. ठणका जरा उतरतो आणि रात्री दुपटीनं परत येतो.

सकाळी न्हावी येतो. धोपटीतला वस्तरा बाजूला सारून चिमटा काढतो. एकजण तुमचं डोकं मांडीत दाबतो, दुसरा हात धरतो. कड्‌कन आवाज होतो. दाढ मोडलीय, मूळ आतच. चिमटा पुन्हा आत जातो. तुमची किंकाळी ऐकून अंगणातलं पोर आईच्या पदरात शिरतं. दाढेचं दुखणं पोराला ठाऊक नाही, पण भीती मात्र ते आजच शिकलं.

म्हातारीनं धूर दिला त्याच ११ डिसेंबरला सातासमुद्रापार अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी खुर्चीत बसलाय खुद्द दंतवैद्यच. होरेस वेल्स, वय २९. आदल्या संध्याकाळी लाफिंग गॅसच्या खेळात त्यानं पाहिलं, की एकाच्या पायाला मार लागला तरी त्याला कळलंसुद्धा नाही. म्हणून आज तोच गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो स्वतः ओढतोय. सहकारी जॉन रिग्ज त्याची दाढ उपटतो. वेल्स शुद्धीवर येतो. वेदना जवळजवळ नाहीच. पुढच्या महिन्यात बोस्टनला त्याचा जाहीर प्रयोग फसतो. रोगी ओरडतो, लोक वेल्सला भोंदू ठरवतात. पण वाट सापडलेली असते.

१९१०. पलूसशेजारच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना उभारताहेत. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून सुरू आहे. पण क्लोरोफॉर्मची भूल म्हणजे माणूस पुरता झोपवायचा, आणि कधीमधी तो उठतच नाही. एका दाढेपायी ही जोखीम कोण घेणार? चिमट्याचाच धाक पोराच्या पोरापर्यंत पोचतो.

आता आजच्या खुर्चीत या. नाकावर मऊ मास्क आहे, त्यातून ऑक्सिजनमध्ये मिसळलेला तोच वेल्सचा वायू येतोय. यंत्र ऑक्सिजन साधारण ३० टक्क्यांखाली जाऊच देत नाही. चारपाच मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, खांदे सैलावतात. ड्रिलचा आवाज आहे, पण शेजारच्या गल्लीत असल्यासारखा. तुम्ही जागे आहात, विचारलं तर उत्तरही देता. बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. वायू उतरवतो ती धडधड. शेवटी पाच मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, की डोकं स्वच्छ.

भीती फारच असेल तर शिरेतून औषध देतात. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं, भूलतज्ज्ञ लागतो आणि परत न्यायला घरचं माणूस. वायूही सरसकट सगळ्यांना चालत नाही. नाक चोंदलंय, दिवस गेलेत किंवा बी-१२ कमी आहे, तर आधीच सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नेहमीची.

ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. फोन करून विचारा, गरज पडल्यास सांगली-मिरजेला जा. पण आधी चपला काढा, आत या आणि पहिलंच वाक्य हे बोला: ‘डॉक्टर, मला भीती वाटते.’ त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्वतः खुर्चीत बसलेल्या एका दंतवैद्यानंच या भीतीवरचा इलाज शोधलाय.