समावेशक शिक्षण (नांदेड-लातूर)

विशेष गरजा असलेल्या मुलामुलींनी घराजवळच्या नेहमीच्या शाळेत, इतरांच्याच वर्गात शिकावे, यासाठीची व्यवस्था. केंद्राची पहिली योजना 1974 सालची. पण कायद्याचे खरे बळ 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिले. दुसऱ्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार असून अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यांत मोडतात.

नांदेडच्या 16 आणि लातूरच्या 10 तालुक्यांत या मुलांना मदत मुख्यतः समग्र शिक्षा अभियानातून, गटसाधन केंद्रामार्फत पोहोचते. विशेष शिक्षक एका शाळेचा नसतो; तो गावोगाव फिरतो. अंध मुलाला टेलर फ्रेम या खाचांच्या पाटीवर गणित शिकवायचे, तर खाचेत बसवलेला खिळा कोणत्या दिशेला वळला की कोणता अंक, हे बोटांना उमगेपर्यंत शेजारी बसावे लागते. पंधरवड्यातून एखाद्या फेरीत ते साधत नाही. नांदेडमधील किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात तर अंतरच आड येते.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढे पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. नेमणुका हाच या व्यवस्थेचा दुबळा दुवा आहे. शाळेत उताराचा रस्ता (रॅम्प) बांधणे त्यामानाने सोपे.

अतितीव्र दिव्यांगत्व असल्यास घरी शिकण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिली. लातूरजवळ हरंगुळ येथे ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांचे केंद्र आहे. दहावी-बारावीला पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक व वाढीव वेळ मिळतो. या परीक्षांसाठी दोन्ही जिल्हे लातूर विभागीय मंडळाखाली येतात.