ऑनलाइन ग्रुप बंद करायचा की चालू ठेवायचा? ॲडमिनने निर्णय कसा घ्यावा

तुम्ही एखाद्या टेलिग्राम, व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्ड ग्रुपचे ॲडमिन असाल आणि "आता हे बंदच करावं का?" असा विचार अधूनमधून डोक्यात येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी २०१८ मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, एक टेलिग्राम ग्रुप सुरू केला. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलांनी प्रोग्रामिंगच्या शंका मराठीत विचाराव्यात, एवढाच हेतू होता. वर्गात हात वर करून इंग्रजीत विचारायची ज्यांना लाज वाटायची, ते इथे बिनधास्त विचारायचे. यंदा मी तो ग्रुप बंद करायला घेतला. तेव्हा काय तपासलं, कुठे चुकलो आणि शेवटी काय केलं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी आकडे काढा

"ग्रुप मेलाय" असं आपल्याला वाटतं तेव्हा बऱ्याचदा आपणच थकलेलो असतो. म्हणून आधी मोजा. मेंबर किती, हा आकडा मात्र उपयोगाचा नाही. माझ्या ग्रुपमध्ये साडेआठशे मेंबर होते, पण त्यातल्या बहुतेकांनी नोटिफिकेशन कधीच म्यूट करून टाकलं होतं.

टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ग्रुप उघडून तीन टिंबांच्या मेनूत गेलात की 'एक्स्पोर्ट चॅट हिस्टरी' हा पर्याय दिसतो. फाइल एचटीएमएल किंवा जेसन प्रकारात मिळते. नुसतं वाचायचं असेल तर एचटीएमएल घ्या, मोजायचं असेल तर जेसन. जेसनमध्ये प्रत्येक मेसेजची तारीख, पाठवणाऱ्याचा आयडी आणि तो मेसेज कशाला उत्तर म्हणून दिलाय त्याचा क्रमांक असतो. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून मी या गोष्टी काढल्या:

- दर महिन्याला किती वेगवेगळी माणसं बोलली?
- प्रश्नाला २४ तासांत उत्तर मिळालं का?
- उत्तरं देणारे एकूण किती जण आहेत?

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्याकडे तो तीन आला, आणि त्या तिघांत एक मी स्वतः होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. विद्यार्थ्यांचा ग्रुप परीक्षेच्या तोंडावर गजबजतो आणि सुट्टीत सामसूम होतो. दोन, तुम्ही डिलीट केलेलं स्पॅम एक्स्पोर्टमध्ये येत नाही, आणि 'रीसेंट ॲक्शन्स'मध्ये फक्त शेवटचे ४८ तास दिसतात. त्यामुळे साफसफाईत किती वेळ जातो, हे कळण्यासाठी मी महिनाभर वहीत नोंद ठेवली. रोजची सरासरी वीस मिनिटं निघाली.

२. काय कमी झालं आणि काय उरलं, ते वाचा

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतर "हा एरर का येतोय?" छापाचे प्रश्न माझ्या ग्रुपमधून झपाट्याने कमी झाले. त्यात वाईट काही नाही. रात्री दोन वाजता लूप कुठे अडकलाय, हे मशीनने सांगितलं तर उत्तमच.

पण शेवटच्या वर्षभरातले मेसेज मी एकेक करून वाचले, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. उरलेले प्रश्न कोडचे नव्हतेच. "वायडी लागला, घरी कसं सांगू?" "चार केटी आहेत, प्लेसमेंटला बसू देतील का?" "सगळे इंग्रजीत इंटरव्ह्यू देतात, मला जमेल का?" हे मेसेज बहुतेक रात्री अकरानंतरचे होते. उत्तरं देणारेही तेच, ज्यांना कधीतरी स्वतःला वायडी लागला होता.

स्क्रिप्टला हे दिसत नाही. तिच्या लेखी तो फक्त एक मेसेज आणि त्याला आलेली चार उत्तरं. म्हणून बंद करायचा निर्णय घेण्याआधी निदान शेवटच्या तीन महिन्यांचं बोलणं शांतपणे वाचा. तुम्ही ज्यासाठी ग्रुप काढला, त्यासाठीच लोक आज तिथे येत असतील असं नाही.

३. उघडा ठेवलेला ग्रुप फुकट पडत नाही

"राहू दे चालू, आपलं काय जातंय?" असं मी दोन वर्षं म्हणत होतो. मग एका रात्री दीड वाजता एका जुन्या मेंबरच्या हॅक झालेल्या अकाउंटवरून नोकरीची लिंक आली. नाव ओळखीचं, वर "आपल्या ग्रुपसाठी खास" असं लिहिलेलं. मी झोपलो होतो. सकाळी सात वाजता मेसेज डिलीट केला आणि विषय संपला असं समजलो. दोन दिवसांनी शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने सांगितलं की 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून त्याने साडेचार हजार भरले होते. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारही नोंदवली, पण उशीर झाला होता. पैसे परत आले नाहीत.

इथे माझी चूक अशी की मी मेसेज गुपचूप उडवला. "ही लिंक फसवी आहे, कोणी पैसे भरले असतील तर आत्ता १९३० ला फोन करा" असं त्याच वेळी लिहायला हवं होतं. अशा फसवणुकीत पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं.

कायद्याचं विचाराल तर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सॲप ग्रुपच्या एका प्रकरणात म्हटलंय की, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेली योजना दिसत नसेल, तर मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे कोर्टाची भीती हे ग्रुप बंद करायचं पहिलं कारण नसावं. त्या मुलाचे साडेचार हजार गेले, ते मात्र "आपला ग्रुप आहे" या विश्वासामुळेच. लोक ग्रुपवर विश्वास ठेवतात आणि लक्ष ठेवणारं कोणी नसतं, ही सगळ्यात धोक्याची अवस्था.

४. तुमच्यापुढचे चार पर्याय

दुसऱ्याकडे सोपवणं: नवा माणूस खरंच वेळ देणार असेल तर हा सगळ्यात चांगला पर्याय. टेलिग्रामवर मालकी दुसऱ्या ॲडमिनला देता येते, पण त्यासाठी तुमचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन किमान सात दिवस आधीपासून चालू लागतं. सोपवण्याआधी त्या व्यक्तीला महिनाभर एकट्याने ग्रुप सांभाळू द्या.

लहान करणं: जाहीर लिंक बंद करून ओळखीतल्या लोकांचा छोटा ग्रुप करणं. स्पॅम जवळपास थांबतं, पण नवी माणसंही थांबतात.

लॉक करणं: 'परमिशन्स'मध्ये जाऊन सगळ्या मेंबरना मेसेज पाठवणं बंद करणं. जुनं सगळं वाचता येतं, नवं लिहिता येत नाही.

डिलीट करणं: हे परत फिरवता येत नाही. ग्रुपमध्ये लोकांना त्रास देणारा मजकूर असेल तरच याचा विचार करा.

पाचवा प्रकार म्हणजे काहीच न करता ॲडमिनने गायब होणं. सगळ्यात जास्त घडतो तोच.

५. मोठ्या कंपन्यांकडून काय शिकावं

ऑर्कुट बंद होणार हे गूगलने ३० जून २०१४ ला जाहीर केलं आणि ३० सप्टेंबरला सेवा बंद केली. तीन महिन्यांची मुदत दिली, शिवाय प्रोफाइल आणि फोटो उतरवून घ्यायची सोय सप्टेंबर २०१६ पर्यंत ठेवली. याउलट याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की डिसेंबरच्या मध्यात जुना मजकूर काढून टाकणार. अनेक वर्षांचं साहित्य वाचवायला स्वयंसेवकांची धावपळ उडाली, आणि मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली.

आपला ग्रुप एवढा मोठा नसतो, पण नियम तोच: आधी तारीख सांगा, आणि नेण्यासारखं जे असेल ते नेऊ द्या. माझ्या मते एक महिना पुरतो. विद्यार्थ्यांचा ग्रुप असेल तर परीक्षा संपल्यानंतरची तारीख धरा.

६. बॅकअप घेताना जपून

मी आधी अख्खा एक्स्पोर्ट ड्राइव्हवर टाकून लिंक सगळ्यांना देणार होतो. बरं झालं, आधी उघडून पाहिला. त्यात फोन नंबर होते, रेझ्युमे होते, आणि वायडीचे ते सगळे मेसेज नावांसकट होते. विश्वासाने बोललेलं असं वाटायचं नसतं. म्हणून मी फक्त तांत्रिक प्रश्नोत्तरं निवडली, नावं काढली आणि सव्वाशे पानांची पीडीएफ केली. याला तीन शनिवार-रविवार गेले. एवढा वेळ धरूनच तारीख ठरवा.

७. निरोपाच्या मेसेजमध्ये काय असावं

- बंद होण्याची नेमकी तारीख
- कारण, दोन ओळींत आणि खरं
- काय शिल्लक राहणार आणि ते कुठे मिळेल
- यापुढे मदत कुठे मिळेल
- तुमच्याशी संपर्क कसा करायचा

"कोणीच ॲक्टिव्ह नाही म्हणून बंद करतोय" असं लिहू नका. जे शेवटपर्यंत बोलत होते, त्यांनाच ते लागतं.

मी शेवटी काय केलं

उत्तरं देणाऱ्या बाकी दोघांना मालकी घ्याल का विचारलं. दोघांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. एकाला नुकतंच बाळ झालंय, दुसऱ्याची नाइट शिफ्ट असते. मग मोठा ग्रुप लॉक केला. पीडीएफ, १९३० आणि मानसिक आरोग्यासाठी सरकारची मोफत टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ पिन करून ठेवली. आम्ही तिघांनी मिळून तीस जणांचा छोटा ग्रुप काढला आणि त्यावर कोण कधी लक्ष ठेवणार ते वार वाटून घेतले.

हे पूर्ण बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. वायडीबद्दल लिहिणारी मुलं साडेआठशेंच्या गर्दीत लिहू शकत होती. तीस जणांत लिहितील का, शंका आहे. लॉक केल्यानंतर चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला मला मेसेज आला: "दादा, ग्रुपवर लिहिता येत नाहीये. थोडं बोलायचं होतं." त्या मुलाने सात वर्षांत ग्रुपवर एकही मेसेज केला नव्हता की तो नवा होता, मला माहीत नाही. मी फोन केला, पाऊण तास बोललो.

निरोपाच्या मेसेजमध्ये माझा आयडी नसता तर तो मेसेज आला नसता. म्हणून वरच्या यादीतला शेवटचा मुद्दा कधीच गाळू नका.