हिवऱ्याची बाग आणि फळांचे रंग

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन निवळू लागले, की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बागांना, कुंपणांना आणि बांधावरच्या झुडपांना जो रंग चढतो, तो फुलांपेक्षा फळांचाच अधिक असतो. सह्याद्रीच्या रानात आपोआप वाढणारी आणि अंगणाच्या कडेला हौसेने लावलेली कुंती या दिवसांत तांबूस-केशरी फळांनी भरते. शिवलिंगीच्या वेलावरील हिरव्या गोळ्या पांढरे पट्टे तसेच ठेवून लाल होतात. घाणेरीचे घोस निळसर काळे पडतात. आणि गुंजेच्या शेंगा उकलून आतले दाणे दिसू लागतात. आपल्या सणांनीही हा ऋतू नोंदून ठेवला आहे, कारण कार्तिकातील आवळीभोजन आणि संक्रांतीचे बोरन्हाण हे दोन्ही विधी फळांवाचून पुरे होत नाहीत. आज या फळांची छायाचित्रे घेणारी हौशी मंडळी गावोगाव आढळतात, आणि त्यांच्या या छंदाचा पूर्वेतिहास याच मुलखातील एका सरकारी बागेपर्यंत पोहोचतो, हे मला फार मोलाचे वाटते.

जुन्नरला बागा नव्या नव्हत्या. १४९० साली मलिक अहमदाने येथे निजामशाहीचा पाया घातला, आणि हापूसबाग या गावाचे नाव व तेथील सौदागर घुमट मुसलमानी अमदानीची आठवण अद्याप देत उभे आहेत. परंतु वनस्पतींची शास्त्रीय नोंद ठेवण्याच्या हेतूने लावलेली बाग ही कंपनी सरकारच्या कारकीर्दीतील गोष्ट होय. सर जॉन माल्कम मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, १८२८ साली, पुण्याजवळ दापोडी येथे कॅप्टन फोर्डच्या बंगल्याच्या आवारात अशी एक बाग स्थापन झाली. डॉ. चार्ल्स लश यांच्यानंतर, १८३८ मध्ये, तिचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आला, आणि दापोडीबरोबर जुन्नर तालुक्यातील मौजे हिवरे येथील बागही त्यांच्याच देखरेखीखाली होती. इंग्रजी दप्तरात तिचा उल्लेख ‘हेवरा’ या रूपाने येतो. खुरासानी ओव्यासारख्या औषधी वनस्पती तेथे लावीत आणि त्यांचे अर्क काढून सरकारी औषधभांडारांकडे रवाना करीत. गिब्सन यांना मराठी उत्तम येत असे; रयतेशी दुभाष्यावाचून बोलू शकणाऱ्या या गृहस्थाकडे १८४७ साली इलाख्याच्या जंगलांचे संरक्षकपद आले, ते त्यांनी १८६० पर्यंत सांभाळले, आणि डोंगरावरची झाडी तुटली की ओढ्यांचे पाणी आटते, हे त्यांनी सरकारला बजावून सांगितले.

याच गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० जलरंगी चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरो येथील शाही वनस्पति-उद्यानाच्या संग्रहात असून, हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. ज्याच्या हातून ही चित्रे उतरली, त्या चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेले नाही. बागेचे अधिकारी, त्यांच्या बदल्या आणि त्यांचे अहवाल यांचा तपशील ज्या दप्तरात बारकाईने जतन झाला, त्यात या कलावंताला एक ओळही मिळू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

वाळवलेले नमुने हाताशी असताना चित्रकार कशासाठी नेमावा, याचे उत्तर फळांपाशी सापडते. कागदात दाबून वाळवलेल्या फांदीवर पानाची शीर आणि कडा वर्षानुवर्षे शाबूत राहतात. फळ मात्र सुरकुतते, चपटे होते आणि काळपट तपकिरी पडते. कुंतीचे ताजे फळ हातात घेऊन पाहावे: नखाएवढे, टोकाशी किंचित निमुळते, आणि तकतकीत सालीवर सूक्ष्म तैलग्रंथींचे ठिपके. यातले किती वाळल्यावर उरते? गिब्सन आणि डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली छापला गेला, त्यात बाहेरून आणलेल्या व येथे रुळलेल्या झाडांची पुरवणीही आहे. पण ते वर्णन शब्दांतले, आणि तांबड्याच्या शंभर छटा शब्दांना पेलत नाहीत.

कॅमेराही त्या वेळी उपयोगाचा नव्हता. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तीत उत्साहाने वावरू लागले. परंतु त्या काळची कलोडियनची ओली काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई आणि तांबड्याविषयी सर्वथा आंधळी असे. अशा काचेवर कुंतीचे लाल फळ आणि त्यामागचे गर्द पान ही दोन्ही सारखीच काळी उमटत. म्हणजे जे दाखवायचे तेच अंधारात जाई. १९०७ साली फ्रान्समध्ये ल्यूमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्राची काच विक्रीस आणली. तिच्यावर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत, ही गोष्ट आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना कळली तर त्यांनाही कौतुक वाटेल. तोपर्यंत सुमारे ६० वर्षे त्या अनामिक चित्रकाराचा कुंचला यंत्राच्या पुढेच राहिला.

दापोडीची बाग पुढे मोडली, तिची जागा १८७३ साली गणेशखिंडीच्या बागेने घेतली, आणि हिवऱ्याचे नाव अभ्यासकांपुरते उरले. फळांचा ऋतू मात्र सालाबादप्रमाणे येतो. ज्यांना चित्र घ्यायचे असेल त्यांनी मार्गशीर्षातल्या सकाळी, ऊन कोवळे असतानाच निघावे. एक तर दिवस चढल्यावर घाणेरीच्या गुळगुळीत सालीवर पांढरी झळाळी येऊन तिची निळाई हरवते, आणि दुसरे, पिकलेला घोस बुलबुल फार काळ शिल्लक ठेवीत नाहीत. कच्चे, अर्धे पिकलेले आणि पूर्ण पिकलेले फळ एकाच फांदीवर सापडले तर ती फांदी सोडू नये. चित्राखाली गाव, तिथी, झाडाचे स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे. गिब्सनच्या चित्रकाराच्या वाट्याला जे आले नाही, ते महादेव कोळी वा ठाकर वाटाड्याच्या वाट्याला तरी यावे. आणि एडिंबरोतील त्या चित्रांच्या उत्तम छापील प्रती मागवून हिवऱ्याच्या शाळेत लावण्याची तजवीज जुन्नरकरांनी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.