अंडाशय-कर्करोगाची प्राणिप्रतिमाने

मानवी रोगाचा उद्भव, वाढ व उपचार यांच्या अभ्यासासाठी ज्या प्राण्यात तो रोग आपोआप होतो किंवा मुद्दाम निर्माण केला जातो, त्यास त्या रोगाचे प्राणिप्रतिमान म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत अशा प्रतिमानाची निकड विशेष आहे. हा रोग फारशी लक्षणे न दाखविता वाढतो व बहुसंख्य रुग्णांत तो पर्युदरावर (उदरपोकळीच्या अस्तरावर) पसरल्यानंतरच लक्षात येतो. त्यामुळे त्याची आरंभीची अवस्था मानवात क्वचितच पाहावयास मिळते. २०२० मध्ये या रोगाने जगात सु. २ लाख ७ हजार स्त्रिया मृत्यू पावल्याचा अंदाज आहे.

फर्थ व बटरवर्थ यांनी १९३६ मध्ये क्ष-किरणांच्या मार्‍याने उंदरांच्या अंडाशयांत अर्बुदे निर्माण केली. बिस्किंड व बिस्किंड यांनी १९४४ मध्ये उंदराच्या अंडाशयाचे प्लीहेत रोपण केले. तेथून निघणारे स्त्रीमदजन (स्त्री-हॉर्मोन) यकृतात निष्क्रिय होते. परिणामी पोष ग्रंथीवरील नियंत्रण सुटून तिच्या हॉर्मोनांमुळे अंडाशयात अर्बुद वाढते. तथापि ही अर्बुदे मुख्यत्वे अंडपुटकातील कोशिकांची (पेशींची) होती. स्त्रियांतील सु. ९० टक्के अंडाशय-कर्करोग उपकला (आच्छादक ऊतक) प्रकारचे असल्याने या प्रतिमानांचा उपयोग मर्यादित ठरला.

रिगार्ड व पॉव्ल्सन यांनी १९६९ मध्ये यौवनलोपी ग्रंथी नसलेल्या केसविरहित उंदरात मानवी अर्बुदाचे रोपण यशस्वी केले. या उंदराची प्रतिकारक्षमता क्षीण असल्याने परकीय ऊतक नाकारले जात नाही. हॅमिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याच पद्धतीने मानवी अंडाशय-कर्करोगाच्या कोशिकांपासून उंदरात जलोदरासह रोग निर्माण केला. औषधांच्या चाचणीस ही पद्धत सोयीची ठरली. परंतु रोगाचा आरंभ व प्रतिकारक्षमतेचे कार्य यांविषयी ती फारसे सांगू शकत नाही.

ईजिप्तचे वैद्य महमूद फतल्ला यांनी १९७१ मध्ये, अविरत अंडमोचनामुळे अंडाशयाच्या पृष्ठभागास वारंवार होणारी इजा कर्करोगास कारणीभूत असावी, असा विचार मांडला. जवळजवळ रोज अंडे देणाऱ्या पाळीव कोंबडीत हा रोग आपोआप आढळतो, हे त्यास पोषक होते. फ्रेड्रिकसन यांनी १९८७ मध्ये कोंबडीतील या अर्बुदांचे सविस्तर वर्णन केले. या विचाराच्या प्रभावामुळे पुढील उंदीर-प्रतिमानेही अंडाशयाच्या पृष्ठभागावर केंद्रित झाली. रॉबी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा पृष्ठकोशिकांपासून आयडी-८ हा कोशिकावंश मिळविला, तर २००२–०३ मध्ये ठरावीक जीनांत बदल करून अंडाशयातच कर्करोग निर्माण करण्यात आला.

मात्र २००१ मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांना आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या अंडवाहिन्यांत कर्करोगपूर्व बदल आढळले. पुढील अभ्यासांवरून, उच्च श्रेणीच्या सीरमी प्रकाराचा (सर्वांत प्राणघातक प्रकाराचा) उगम बहुधा अंडवाहिनीच्या टोकाशी होतो, असे मत दृढ झाले. त्यावरून २०१० मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, इतर कारणाने गर्भाशय काढताना अंडवाहिन्याही काढाव्यात अशी शिफारस करण्यात आली. २०१२ मध्ये एका उंदीर-प्रतिमानात अंडवाहिनी लवकर काढल्यास रोग टळतो असे दिसले. पेरेट्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अंडवाहिनीच्या स्रावी कोशिकांतील ब्रका, पी-५३ व पीटेन या जीनांत बिघाड घडवून तेथून अंडाशय व पर्युदराकडे पसरणारा कर्करोग निर्माण केला.

त्याच सुमारास जुन्या साधनांची फेरतपासणीही झाली. उच्च श्रेणीच्या सीरमी कर्करोगात सु. ९६ टक्के अर्बुदांत पी-५३ जीनाचे उत्परिवर्तन असते, असे २०११ मध्ये दिसले होते. आयडी-८ मध्ये ते नाही, हे २०१६ मध्ये उघड झाले. त्यानंतर तो जीन काढून टाकलेले सुधारित वंश तयार करण्यात आले. उगमस्थानाविषयीचे गृहीत चुकल्यास त्यावर बेतलेले प्रतिमान कितीही काटेकोर असले, तरी मानवी रोगापासून दूर राहते, हे या इतिहासावरून दिसून येते. रोगाचा आरंभ, प्रसार व औषधास होणारा प्रतिरोध या सर्वांचा अभ्यास एकाच प्रतिमानात होत नसल्याने कोंबडी, जीनबदल केलेले उंदीर व मानवी ऊतकांचे रोपण ही परस्परपूरक म्हणूनच वापरावी लागतात. [⟶ कर्करोग].