उरणहून लंडन किती लांब?

विमानानें जग जवळ आणलें, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं तें कोणाच्या दारापासून जवळ आलें, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. मुंबई व लंडन यांमधील आकाशमार्ग सुमारें ७,२०० किलोमीटरांचा. आज तो न थांबतां नऊ-दहा तासांत संपतो. परंतु हा हिशेब विमानतळावर सुरू होतो. उरणकराचा हिशेब मोरा बंदरावर सुरू होत असे.

१९२९ सालीं लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली, तेव्हां त्या वाटेस आठवडा लागे व मधला कांहीं भाग आगगाडीनेंच काटावा लागे. कराचीस उतरलेलें टपाल मुंबईस आणण्यासाठीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं आपलें ‘पस मॉथ’ हें एका इंजिनाचें चिमुकलें विमान स्वतः चालवून, अहमदाबादमार्गें, जुहूच्या मैदानावर उतरविलें. वाट हजार किलोमीटरांची, वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास. सकाळीं निघालेले टाटा दुपारीं पोहोंचले. पुढें ८ जून १९४८ च्या रात्रीं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून उडालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबून १० जूनला लंडनास पोहोंचलें. १९६० सालीं बोइंग ७०७ आलें आणि दिवसांची भाषा तासांची झाली. जातांना परतीपेक्षां बहुधा अधिक वेळ लागतो, तो मात्र उंचावरील पश्चिमेच्या वाऱ्यामुळें. त्यावर यंत्राचाही इलाज चालत नाहीं!

या सर्व काळांत उरणला समोर मुंबई दिसे, पण हातीं लागत नसे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास जाणारी लाँच भरती-ओहोटीच्या तंत्रानें चाले. खुष्कीनें जावें तर खाडीला वळसा. तेथून पुढें सबंध शहर ओलांडून सांताक्रूझ गांठावयाचें. दिल्लीचें विमान दोन तासांत दिल्लीस टेके. उरणच्या प्रवाशास विमानाच्या पायरीशीं येण्यासच तितका वेळ सहज लागे.

१२ जानेवारी १९२४ नव्हे, तर २०२४ रोजीं, म्हणजे टाटांच्या उड्डाणानंतर एक्याण्णव वर्षांनीं, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला व त्याच दिवशीं उरणपर्यंत आगगाडी आली. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या पनवेल तालुक्यांत नव्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. उरणचें अंतर खरोखर घटलें.

तें कोणाच्या जमिनीवर घटलें, हेंही इतिहासानें नोंदवावें, असें आम्हांस वाटतें. नव्या शहरासाठीं जमिनी गेल्या तेव्हां उरण तालुक्यांतील जासईचे दि. बा. पाटील शेतकऱ्यांच्या पुढें उभे राहिले. जानेवारी १९८४ मधील गोळीबारांत पांच जण मेले. विमानतळाकरितां उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळविला गेला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर आदि दहा गांवांतील कुटुंबांना घरें सोडून दुसरीकडे वसावें लागलें. तेथील धावपट्टी ३,७०० मीटर लांबीची आहे.