गेब्रियल सिलिबॉय आणि १७५२चा तह

गेब्रियल सिलिबॉय यांचा जन्म १८७४ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील केप ब्रेटन बेटावर झाला. १९१८ मध्ये ते मिकमाक या तिथल्या मूळनिवासी लोकांचे ग्रँड चीफ, म्हणजे सर्वोच्च प्रमुख झाले. निवडणुकीने या पदावर आलेले ते पहिलेच.

सिलिबॉय यांना वाचता येत नव्हते. मिकमाक समाजात जुने तह तोंडी जपले जात. शंखमण्यांचे पट्टे सांभाळणारा आणि त्यांत गुंफलेला मजकूर लोकांना सांगणारा ‘पुतुस’ हा मिकमाक महासभेचा मानाचा अधिकारी असे. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क इंग्लंडच्या राजाने कबूल केला आहे, हे सिलिबॉय लहानपणापासून घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आले होते.

नोव्हेंबर १९२७ मध्ये बंदीच्या हंगामात त्यांच्याजवळ मस्करॅट आणि कोल्ह्याची कातडी सापडली आणि खटला भरला गेला. १७५२ साली मिकमाक प्रमुख जाँ-बाप्तिस्त कोप आणि नोव्हा स्कोशियाचे ब्रिटिश गव्हर्नर होपसन यांच्यात झालेला तह बचावात पुढे आला. त्यात पूर्वीप्रमाणे शिकार व मासेमारी करण्याची मोकळीक होती आणि दर १ ऑक्टोबरला भेटवस्तू देऊन मैत्री ताजी करण्याचे वचनही होते. तहापोटी सरकारकडून वस्तू मिळत असल्याच्या आठवणी मिकमाक साक्षीदारांनी कोर्टात सांगितल्या. कागद आणि माणसांची आठवण इथे एकच गोष्ट सांगत होती. तरीही १९२८ मध्ये अपिलात न्यायाधीश जॉर्ज पॅटरसन यांनी शिक्षा कायम केली. कोप यांचा तह केप ब्रेटनला लागू नाही, शिवाय ‘रानटी’ लोकांना तह करण्याचा अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे. यातले दुसरे कारण निव्वळ वंशद्वेषाचे होते, आणि घाव खोल गेला तो त्यामुळेच. पुढे मिकमाक शिकाऱ्यांविरुद्ध हाच निकाल दाखवला जाई.

सिलिबॉय १९६४ साली, अखेरपर्यंत ग्रँड चीफपदी असतानाच वारले. १९८५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७५२चा तह वैध ठरवला आणि पॅटरसन यांची भाषा आजच्या कायद्याला मान्य होण्याजोगी नाही, असेही नोंदवले. पुढच्याच वर्षापासून नोव्हा स्कोशियात १ ऑक्टोबर हा ‘तहदिन’ पाळला जाऊ लागला, तारीख तहातलीच. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रांताने सिलिबॉय यांना मरणोत्तर माफी दिली आणि त्यांच्यावर खटला भरल्याबद्दल मिकमाक लोकांची क्षमा मागितली.