बेकरच्या चढावर फुटलेलं हेड

जुन्या गाडीच्या सांगाड्यात दमदार इंजिन बसवून घरच्या गॅरेजात घडवलेली गाडी म्हणजे हॉट रॉड. हा छंद दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला, मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांवर. आता त्या सांगाड्यांत डिझेल इंजिनंही बसवली जातात. पुढचा घटनाक्रम कुणा एका मालकाच्या गाडीचा नाही. अशी गाडी कुठे, कशी आणि किती मिनिटांत जाते हे दिसावं म्हणून ती मी कागदावर बांधली आहे. रस्ता खरा आहे, इंजिन खरं आहे, आणि गणित कुणीही पुन्हा मांडून पाहावं.

१४ महिने आधी

गाडी १९३२ सालची फोर्ड. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन होतं. त्या इंजिनात जळालेला गरम वायू बाहेर पडण्याआधी ब्लॉकच्या पोटातून, पाण्याला खेटून जायचा. त्यामुळे ते तापण्यासाठी प्रसिद्ध होतं. त्याच्या जागी येतंय कमिन्सचं ४बीटी: चार सिलिंडर, ३.९ लिटर, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, पाव-बिस्किटं पोचवणाऱ्या व्हॅनमधून काढलेलं. मुळात १०५ अश्वशक्तीचं. पंपाचं सेटिंग वाढवून आणि मोठा टर्बो लावून ते १८० पर्यंत नेलंय.

मालकाला ठाऊक आहे की डिझेल ‘थंड’ चालतं. हे अर्धं खरं आहे. टर्बो डिझेल पूर्ण ताकदीवर इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भाग क्रँकवर देतं आणि पाण्यात साधारण २० ते २५ टक्के सोडतं. म्हणजे तेवढ्याच अश्वशक्तीला जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा पाण्यावर कितीतरी कमी भार. तो कॅटलॉग उघडतो. रेडिएटरपुढे लिहिलंय: ३०० अश्वशक्तीपर्यंत. ऑर्डर जाते.

माझ्या मते इंजिनाचं मरण इथेच ठरलं. कॅटलॉगमधली अश्वशक्ती कोणत्या उन्हातली, किती मिनिटांची, रेडिएटरच्या जाळीतून किती हवा जात असतानाची, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. हॉट रॉड सिग्नलवरून सुटताना १८० अश्वशक्ती दहा सेकंद वापरते आणि ती उष्णता लोखंड मुकाट पचवतं. बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचे विक्रम करणाऱ्या कित्येक गाड्यांत तर रेडिएटर नसतोच, नुसती पाण्याची टाकी असते. धाव संपेपर्यंत ती पुरते. रेडिएटर लागतो तो सलग वीस मिनिटं ताकद मागणाऱ्या चढासाठी, आणि मापही त्याच चढाचं घ्यायला हवं होतं.

९ महिने आधी

३२च्या फोर्डचं नाक अरुंद आहे आणि मालकाचा जीव त्याच नाकावर जडलाय. मला ते समजतं. ती ग्रिल बदलली तर गाडीच उरत नाही. पण त्यामागे जाळीचं क्षेत्रफळ जेमतेम ०.२ चौरस मीटर बसतं. त्या जाळीपुढे टर्बोच्या हवेचा इंटरकूलर उभा राहतो, त्याच्याही पुढे एसीचा कंडेन्सर. ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरवलंय. इंजिन लांब, त्यामुळे बेल्टवर चालणाऱ्या मोठ्या पंख्याला जागा नाही. मागे विजेचा पंखा. त्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला. एकामागोमाग तीन जाळ्यांतून हवा ओढायची वेळ आली की त्यातला मोठा हिस्सा नाहीसा होतो. बॉनेटच्या बाजूचे पत्रे सपाट आणि चकचकीत, एकही झरोका नाही. आत आलेली हवा बाहेर कुठून जाईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

रेडिएटरच्या टाक्या जुन्या धाटणीच्या, पितळी. त्यांना सोसवेल म्हणून झाकण ७ पौंड दाबाचं.

हवेच्या वाटेची हेळसांड किती महाग पडते, हे कमिन्सनेच एकदा अनुभवलंय. ३० मे १९५२ रोजी इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्यांची डिझेल गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. पात्रता फेरीत फ्रेड अगाबाशियनने तिला ताशी १३८ मैलांवर नेलं होतं. दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत ती ७१व्या फेरीला थांबली. टर्बोला हवा देणारं तोंड पुढे, खालच्या बाजूला होतं आणि ते टायरच्या रबराच्या कणांनी चोंदलं. इंजिनाची ताकद तशीच होती, त्याला श्वास मिळेना.

३६ तास आधी

चाचणी. गाडी दारात तासभर चालू ठेवली. काटा ८५ अंशांवर स्थिर. मित्र टाळ्या देतात.

या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. डिझेल रिकामं चालताना इतकं कमी इंधन जाळतं की थंडीत ते धड गरमही होत नाही.

६ तास आधी, सकाळी ९:३०

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासकडे. जुलै महिना. मागे ९०० किलोचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडलाय. तो आठवड्यापूर्वी ठरला. मोजणीत त्याचा विचार कधी नव्हताच.

साडेचार तास आधी, सकाळी ११:००

काहोन खिंड. महामार्गाचा माथा सुमारे १,२७७ मीटरवर. हवा ३० अंश. काटा ९९ पर्यंत चढतो, माथ्यानंतर उतरतो. गाडीत हायसं वाटतं.

खरं तर धोक्याची सूचना मिळाली होती. पाणी १०० अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर उष्णता ढकलायला ७० अंशांचा फरक हाताशी असतो. हवा ४३ झाली की तो ५७ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, काहीही न बिघडता, दुपारपर्यंत जवळजवळ एक पंचमांश लहान होणार होता. खिंडीत ९९ दाखवणाऱ्या गाडीला पुढे येणारा बेकरचा चढ झेपणार नाही, हे अकरा वाजताच कळण्यासारखं होतं. वाटेतल्या व्हिक्टरव्हिलला ट्रेलर सोडून देता आला असता, किंवा रात्र होईपर्यंत थांबता आलं असतं.

२ तास आधी, दुपारी १:३०

बार्स्टो. जेवण. बॉनेट बंदच.

४० मिनिटं आधी, दुपारी २:५०

बेकर. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांहूनही कमी. इथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. ही उंची १० जुलै १९१३ रोजी जवळच्या डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची, म्हणजे ५६.७ सेल्सियसची आठवण. आज ४३ आहे. प्रवासी त्याच्यासमोर फोटो काढतात. कॅलिफोर्नियातल्या लांब चढांवर एसी बंद ठेवा असं सांगणाऱ्या पाट्या असतात, पण या उन्हात एसी बंद करायला कुणाचा हात उठत नाही.

१८ मिनिटं आधी, दुपारी ३:१२

बेकर सोडलं. हॅलोरन समिटपर्यंत ३० किलोमीटर, आणि तेवढ्यात सुमारे साडेनऊशे मीटर चढायचंय. सरासरीपेक्षा तीव्र टप्पे मध्ये आहेत. ते पाच टक्क्यांचे धरू.

आता ते गणित, जे १४ महिन्यांपूर्वी अर्ध्या तासात कागदावर झालं असतं. गाडी आणि ट्रेलर मिळून अडीच हजार किलो. ताशी ९० किलोमीटर वेगाने असा चढ चढायला इंजिनाला सुमारे ६५ किलोवॅट, म्हणजे ९० अश्वशक्ती लागते. १८० ची निम्मी, पण सलग. त्यातून पाण्यात जातात साधारण ४० किलोवॅट. इंटरकूलर ८ टाकतो, कंडेन्सर ७, गियरबॉक्सचं तेल आणखी ८. ही सगळी उष्णता एकाच हवेने उचलायची. ०.२ चौरस मीटर जाळीतून सेकंदाला पाच मीटर वेगाने हवा गेली, तर या उन्हात आणि उंचीवर ती एक किलोच्या आसपास भरते. एक किलो हवा एक अंश तापायला एक किलोज्यूल घेते.

म्हणजे ४३ अंशांची हवा कंडेन्सर आणि इंटरकूलर ओलांडून रेडिएटरला भेटते तेव्हाच ५८ झालेली असते. पुढे ४८ किलोवॅट घेतले तर ती १०६ अंशांनी बाहेर पडायला हवी. पण आतलं पाणी अजून शंभरही नाही! पाण्याहून गरम होऊन हवा जाळीतून निघूच शकत नाही. चांगली जाळी पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकाचा पाऊण हिस्सा वापरते. त्या हिशेबाने रेडिएटर ३१-३२ किलोवॅट नेतो. उरलेले सोळा इंजिनातच साठतात. लोखंड आणि कूलंट मिळून एक अंश वाढायला सुमारे २२५ किलोज्यूल लागतात. सुरुवातीला मिनिटाला चार अंश, पुढे थोडं सावकाश, आणि काटा थांबणार १२२ वर. ७ पौंडांच्या झाकणाखाली, या उंचीवर, निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं कूलंट ११७ च्या सुमारास उकळतं.

१० मिनिटं आधी, ३:२०

काटा १०४. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय. बंद बॉनेटखाली गरम हवा कोंडलीय, त्यामुळे बाहेरून येणारी हवा आणखी कमी होते. टर्बोला हीच तापलेली, पातळ हवा मिळते. एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि ती वाढ पुन्हा पाण्यात येते.

गाडी टॉप गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर चाललीय. डिझेलच्या ओढीचं कौतुक असणाऱ्याला ते आवडतं. पण पाण्याचा पंपही त्याच फेऱ्यांवर फिरतो. आत्ताही वाचता आलं असतं: एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गियर एक पायरी खाली, वेग ६०, फेऱ्या वर. मग बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवायचं.

५ मिनिटं आधी, ३:२५

११४. एसी आत्ता बंद होतो, उशिरा. हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ, पाण्याचे बुडबुडे होऊ लागलेत. वाफेला उष्णता नेता येत नाही, म्हणून तेवढ्या जागचं लोखंड बाकीच्या हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतं. झाकणातून फसफस. वेग ६५.

२ मिनिटं आधी, ३:२८

काटा खाली येतो. ११०, १००, ९०. चालक सुटकेचा श्वास टाकतो आणि पेडल पुन्हा दाबतो.

या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या दोन मिनिटांची. कूलंट झाकणातून बाहेर गेलंय आणि तापमानाचा सेन्सर कोरडा पडलाय. त्याला पाणी लागत नाही, म्हणून तो थंडावा दाखवतो. सेन्सर बसवताना सोबत दाबाचा एक साधा मीटर बसवला असता, तर दाब कोसळलेला दिसला असता.

शून्य, दुपारी ३:३०

हेड गॅस्केट उडते. पांढऱ्या वाफेचा लोट, मग धूर. गाडी कडेला लागते. माथा अजून सात-आठ किलोमीटर. चालक इंजिन तत्काळ बंद करतो. उरलंसुरलं कूलंट जागीच उकळतं आणि टर्बोतलं तेल बेअरिंगवर करपतं. ट्रेलरमधल्या कॅनचं पाणी तो तापलेल्या इंजिनात ओततो. टणकन आवाज येतो.

३ आठवडे नंतर

हेड उतरवलं. चौथ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हमध्ये तडा. मिलिंग करून वाचण्यासारखं काही नाही. नवं हेड, नवी गॅस्केट, नवे स्टड यांची यादी होते. त्या यादीत रेडिएटरचं नाव येतं, तेही ‘दोन रांगांऐवजी चार रांगांचा’ म्हणून. जाडी वाढवली की हवेला अडथळाही वाढतो. मला ही यादी फाडून टाकावीशी वाटते. पैसे जाळीवर जातील आणि हवा तेवढीच राहील.

त्याच नाकातून, त्याच जाळीतून सेकंदाला दीड किलो हवा गेली असती आणि एसी बंद असता, तर याच चढावर काटा ९५ च्या आसपास स्थिरावला असता. त्यासाठी ग्रिलपासून जाळीपर्यंत कडा बंद करणारा पत्रा हवा, म्हणजे आत आलेली हवा बाजूने निसटणार नाही. पंख्याला पूर्ण जाळी झाकणारं कवच हवं, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना झरोके हवेत. आणि पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला यू-ट्यूब मीटर घेऊन गाडी रस्त्यावर न्यायला हवी, जाळीच्या पुढचा आणि मागचा दाब मोजायला. झरोके कापल्यावर पाण्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर वाढलं, तर जाळीतून जास्त हवा जाऊ लागली. नाही वाढलं, तर आणखी झरोके कापायचे, आणि तोवर ट्रेलर जोडायचा नाही.